थडीला शेंदूर

८ नोव्हेंबर

देशमाने आज तिसऱ्यांदा आले. पुण्याला विद्यापीठात भूशास्त्र शिकवतात. हातोडी, ब्रश, पाण्याची बाटली. आमच्या थडीपाशी, म्हणजे कादवा नदीच्या त्या उभ्या तुटलेल्या काठापाशी, तासभर उकिडवे बसले होते. मी वरून पाहत होते. मातीशी कुणी इतकं हळू वागताना दिसलं की मला आधी संशय येतो.

काठाच्या मधोमध वीतभर जाडीचा पांढुरका पट्टा आहे. ती म्हणे राख. ज्वालामुखीची. इथल्या नव्हे, समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी बेटावरून वाऱ्याबरोबर आलेली.

"किती जुनी?"

"माणूस अजून शेतीत पडला नव्हता, तेव्हाची."

इतका स्वच्छ पट्टा फार थोड्या ठिकाणी उरलाय. सरकारकडून भूवारसा म्हणून जाहीर करून घ्यायचा, कायद्यानं जपायचा. त्यासाठी सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांची संमती लागते. म्हणजे मी आणि धाकटे दीर, नाना.

नाना द्राक्षाची फवारणी सोडून आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लावून टाका कायदा. वहिनी म्हणतील तसं."

वहिनी म्हणतील तसं नानांनी आजवर एकदाही केलेलं नाही.

११ नोव्हेंबर

अजून डोक्यात तेच. नाना हो का म्हणाले?

हे गेल्यावर यांच्या जागी माझं नाव लागलं, त्या दिवशी नानांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. कॉलेजातून निवृत्त होऊन मी इथे मळ्यातल्या खोल्यांत राहायला आले, तेव्हा पहिला प्रश्न: "किती दिवस?"

शकूला, नानांच्या बायकोला, राखेचं सांगितलं. ती हसतच सुटली.

"अहो ताई, ती भांड्याची माती! दिवाळीआधी डबा भरून आणली न्हवती का मी? तुमची समई काय उगाच चमकती?"

म्हणजे समुद्रापलीकडून आलेली राख माझ्या समईवर खर्ची पडली. देशमान्यांना सांगायचं नाही.

१९ नोव्हेंबर

देशमाने प्रस्ताव घेऊन आले. नानांनी चहा स्वतः आणला. मग विचारलं, "मोबदला कसा? गुंठ्यावर का एकरावर?"

"मोबदला नाही. जमीन तुमचीच राहणार."

"बरं."

"फक्त खणायचं नाही, बांधायचं नाही, माती उचलायची नाही. काठापासून थोड्या अंतरापर्यंत."

"आन् माझं पाण्याच्या मोटारीचं घर? काठालाच हाय ते."

"ते बघावं लागेल."

"मग आमची कशी हो राहिली?"

देशमाने हसले. नाना हसले नाहीत. प्रश्न चुकीचा नव्हता, हे इथे लिहिते. तिथे बोलले नाही.

मी सही केली. नाना म्हणाले, "बघू. गाव काय म्हणतं."

आता त्या दिवशीचा होकार कळला. जरा बरंच वाटलं. लोभ समजतो. नुसता चांगुलपणा समजत नव्हता.

२७ नोव्हेंबर

गाडीवाटेवर जेसीबीच्या चाकांचे ठसे. थडीपर्यंत जाऊन परत फिरलेले. जागा पाहून गेलं असावं.

नानांच्या ओट्यावर एक ठेकेदार चहा घेत होता. मला पाहून उभा राहिला. "नमस्कार मॅडम." गरजेपेक्षा जास्त अदब. नाशकात कुंभाची कामं चाललीत, भरावाला माती पाहिजे. द्राक्षवाल्यांना पोयटा पाहिजे. नदीकाठची माती दोघांनाही चालते.

"कशाला आलेत हे?"

"बांध सरळ करायचाय."

"कुठला बांध?"

"असतात वहिनी, बांध. शेतात काय नुसती पुस्तकं असतात का?"

थडी उतरवून जमीन सपाट केली की द्राक्षाच्या चार ओळी वाढतात. वर मातीचे पैसे.

देशमान्यांना फोन केला. जाहीर होईपर्यंत त्यांचे हात बांधलेले. "तहसीलला अर्ज द्या." दिला. पोच मिळाली. पोच दाखवून जेसीबी थांबवता येतं का, ते कुणी सांगितलं नाही.

येताना वाटेत सरपंच. गाडीची काच खाली करून: "मॅडम, तो मातीवाला साहेब कुणाचा माणूस, चौकशी केली का? आधी कायदा, मग कुंपण, मग कुंपणाच्या आत हॉटेल. तिकडं धरणाकाठी असंच झालं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"म्हणतात."

घरी येऊन देशमान्यांचं नाव इंटरनेटवर शोधलं. निबंध सापडले. हॉटेल सापडलं नाही. नाही सापडलं म्हणजे नाही, असं नव्हे.

३ डिसेंबर

सकाळी जेसीबीचा आवाज. अनवाणीच पळाले.

थडीखाली जेसीबी उभं, इंजिन बंद. ड्रायव्हर खाली उतरलेला, हात जोडून उभा. राखेच्या पट्ट्याच्या जरा वर मातीतून चुनखडीचा एक गोळा बाहेर आलाय, नारळाएवढा. त्याला शेंदूर. ओला, तेलाचा. त्यावर चांदीचे दोन डोळे. पुढ्यात हळदकुंकू, लिंबू.

नाना ओरडत होते. "अरे काल न्हवतं इथं काय! माती हाय ती. चालव तू."

"सेठ, माताजी बैठी हैं. हम नहीं छुएँगे. दूसरा आदमी बुला लो."

मी म्हटलं, "माती आहे, तर तुम्हीच पुसा ना नाना."

नाना पुढे गेले. हात वर नेला. तिथेच थांबला. मग खाली घेतला.

"अंघोळ नाय झाली अजून," म्हणाले.

जेसीबी परत गेलं.

६ डिसेंबर

कुणी लावला?

देशमाने? फायदा त्यांचा. पण ते पुण्यात. शिवाय त्यांना शेंदूर तेलात कालवायचा असतो हे तरी माहीत असेल का? सरपंच? ठेकेदाराशी त्यांचं बिनसलंय असं कानावर आलंय. पण कानावर आलेलं बहुतेक सरपंचांच्याच तोंडून आलेलं असतं.

माझ्यावरही संशय आहे. नानांनी सरळ विचारलं. "वहिनी, तुमच्या साहेबानं केलं का तुम्ही?"

"मी देव मानते का?"

"म्हणून तर. मानणाऱ्याला असं कराया भ्या वाटंल."



संध्याकाळपर्यंत नारळ फुटले. नावही मिळालं. थडीमाता. कुणी ठेवलं, ते कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना फक्त नाव माहीत आहे.

१० डिसेंबर

शकू माझ्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मीच लावला."

"काय?"

"शेंदूर. डोळे माहेरच्या देवाचे. जास्तीचे होते."

तीच बोलत राहिली. "तुमचा कायदा नाशकातनं निघाला का अजून? जेसीबी इथं दारात आलं होतं. आमच्या सटाण्याकडं आंबा तोडू द्यायचा नसला का बाया हेच करतात. शेंदूर लागला का कुऱ्हाड माघारी."

"पण तुला थडीचं काय एवढं?"

आता तिनं वर पाहिलं. "थडी हाय म्हणून पूर खाली राहतो, ताई. ती उतरवली का पाणी माझ्या सैपाकघरात. ह्यांना चार ओळी दिसतात. चिखल उपसायचा असतो मला."

"नानांना सांगितलंस?"

"मी काय येडी हाय? त्यांना कळलं तर सकाळी मी माहेरी आन् दुपारी जेसीबी थडीवर."

मला शपथ घातली नाही. "तुम्ही नाय सांगणार कुणाला, ठावं हाय मला." इतकंच म्हणाली. शपथ घातली असती तर ती मोडायची सोय असती.

तिच्यावर विश्वास ठेवला. लिहून ठेवते की आज ठेवला.

१४ डिसेंबर

देशमाने आले. लांबूनच पाहिलं आणि चालायचे थांबले.

रोज कुणी ना कुणी तेल घालतं. ते गोळ्यावरून ओघळून खाली पट्ट्यात उतरतंय. पांढुरक्यावर नारिंगी ओघळ. देशमान्यांनी बोट लावलं, वास घेतला.

"गोडेतेल?"

"असावं."

"इथून आता नमुना घेता येणार नाही." बोट रुमालाला पुसलं. मग, "पलीकडे अजून कोरडं आहे थोडं."

जानेवारीच्या सुरुवातीला पाहणी समिती येणार. नानांची सही नसली तरी पाहणी होते, हरकत तिथेच ऐकतात. देवस्थान दिसलं तर समिती हात काढून घेईल. "देव आणि दगड एका फाइलीत ठेवायला कुणी तयार नसतं." गावातल्या कुणीतरी पुढे होऊन सांगायला हवं, की हे नवीन आहे.

"सांगितलं आणि शेंदूर निघाला. मग जेसीबीला कोण अडवणार?"

"तहसीलदार."

"कधी?"

ते बाटली उघडून पाणी प्यायले.

शेंदूर कुणी लावला, हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माहीत असल्याशिवाय माणूस न विचारता राहतो का?

१९ डिसेंबर, अमावास्या

थडीवर गर्दी. नाना इस्त्रीच्या कपड्यांत, हातात आरतीचं ताट. ज्यांची त्या दिवशी अंघोळ झाली नव्हती तेच.

सरपंचांचं भाषण. पत्र्याचं शेड. पुढे पेव्हर ब्लॉक. गाडीवाटेचं काँक्रीट. ही वाट नानांच्या बागेला लागून जाते. द्राक्षाचा ट्रक आता थेट बागेत. आणि देवस्थानाला कुणी कुंपण घालत नाही, मोटारीच्या घराला कुणी हात लावत नाही. एक माणूस टेप घेऊन काठ मोजत होता. "मागची माती जरा तासावी लागंल. टाइल बसाया सपाट पाहिजे." तासायची म्हणजे पट्टाच तासायचा. मी म्हटलं, तिथे हात लावू नका. तो म्हणाला, "मातेचंच काम हाय, मावशी."

तेल शकूनं घातलं. यापुढे तेल फक्त अमावास्येला, आणि जमीन या घरची म्हणून मान या घरच्या सुनेचा, असं ठरलंय. ती मागे सरली तेव्हा नाना तिच्या कानाशी काही बोलले. ती हसली.

नवऱ्याच्या बोलण्यावर बायकोनं हसणं हा गुन्हा नाही. तरी.

तीस वर्षं वर्गात नाटकं शिकवली. प्रवेश आधी ठरलेला असला की पात्रं जरा मोठ्यानं बोलतात. त्या सकाळी नाना फार मोठ्यानं ओरडत होते.

२४ डिसेंबर

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहते.

एक: शकूनं नवऱ्याला चोरून थडी वाचवली. नानांनी नंतर त्यात आपला फायदा पाहिला.

दुसरी: दोघांनी मिळून कायदा अडवला. माती विकायची होतीच. त्याहून मोठं काही सुचलं. आणि मी गप्प राहावं म्हणून शकूनं माझ्यापाशी मेथी निवडली.

दोन्हींत शेंदूर तोच, ओघळ तेच. पुराव्यानं फरक पडत नाही.

ती आज वाल घेऊन आली. सोललेले. मी घेतले. "इतक्या गप का?" म्हणाली. थंडी, म्हटलं.

५ जानेवारी

समिती आली. एक अधिकारी बाई, तलाठी, देशमाने. गाव आधीच जमलेलं. देशमाने माझ्यापासून दूर उभे राहिले, ठरवून असावं.

अधिकारी बाईंनी विचारलं, "देवस्थान किती जुनं?"

सरपंच: "पिढ्यान् पिढ्या, मॅडम."

नाना: "आमच्या आजोबांच्या आधीचं."

बाई माझ्याकडे वळल्या. "प्रस्तावावर तुमची सही आहे. तुम्ही सांगा."

"मी लग्न होऊन आले तेव्हा इथे काही नव्हतं. गेल्या महिन्यापर्यंत नव्हतं."

मागून कुणीतरी, "प्राध्यापकीण बाईंना देव दिसत नाय, चष्मा बदला!" हशा. नानाही हसले.

"कुणी केलं, माहीत आहे?"

मी शकूकडे पाहिलं नाही. तिच्याकडे न पाहणंही लोकांना दिसलं असेल.

"नाही," म्हटलं.

इथे थांबलं असतं तर ठीक होतं. पण बायकांच्या घोळक्यातून शकू पुढे आली. पदर सावरला. "होतं, मॅडम. पावसानं शेंदूर गेला होता, तो नवा लावला, एवढंच. ताई नाशकात राहायच्या. त्यांना काय ठावं?"

दोन्ही जबाब लिहून घेतले. एकाच घरातले, एकमेकांविरुद्ध.

जाताना देशमाने जवळ आले. "वाद झाला म्हणजे पुढची तारीख."

"कोणती?"

"कळवतील."

७ जानेवारी

कुंपणापलीकडून शकू: "रागावला?"

"मला खोटं पाडलंस."

"मग काय करू? सगळ्या गावापुढं सांगू, मीच ती म्हणून? तुम्हाला नाशकात फ्लॅट हाय, पेन्शन हाय. भांडण झालं का रिक्षा बोलवाल. मी कुठं जाऊ?"

"गप्प राहायचं होतंस. मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

तिनं पदर खोचला. मग, "तुम्ही न्हवतं म्हणाला. मॅडमनी ते धरलं असतं तर शेंदूर गेला असता. शेंदूर गेल्यावर?"

बरोबर आहे. नानांनी पढवलं असतं, तरी हेच बरोबर ठरलं असतं.

१२ जानेवारी

आमच्या शेजारच्या गटातली थडी उतरवली. दोन दिवसांत. मालकाची तक्रार नाही, त्यानंच बोलावलं होतं. काप सरळ खाली गेलेला. कापात पट्टा दिसत होता, आमच्यापेक्षा जाड. संध्याकाळी दिसेनासा झाला. काप बरोबर आमच्या हद्दीवर थांबलाय. जेसीबी तिथेच उभं आहे.

देशमान्यांना कळवलं. "तिकडे पट्टा होता?"

"होता."

फोन चालूच होता.

इकडे टाइल्स येऊन पडल्यात. ठेकेदार आज नानांशी वाटेवर बोलत होता, मला ऐकू येईल इतकं जवळ. "नाना, देव आहे का नुसता शेंदूर, ते एकदा ठरवा. ज्याला आमोशेला तेल नाय तो देव नाय. माझ्याकडं दुसरा ड्रायव्हर आहे, तो असलं मानत नाय."

नाना म्हणाले, "तेल तर हाय."

मला ऐकू यावं म्हणून बोलले का? वाट अरुंद आहे, हेही खरं.

१७ जानेवारी

शकूची आई पडली. सटाण्याला जायचं, आजच. नाना पिकअपमधून सोडणार, तेही तिकडेच मुक्काम करणार. शकू घाईत आली, हातात तेलाची बाटली.

"उद्या आमोशा. या घरच्या सुनेनंच घालायचं. तुम्ही तर थोरल्या."

"मी घालणार नाही, माहीत आहे तुला."

"मग नका घालू. मी काय म्हणते का?" बाटली ओट्यावर ठेवली. "सरपंचाचा पुतण्या मोबाइलवर शूटिंग करतो, मागच्या आमोशेलाबी केलं. सकाळी लवकर जा, म्हणजे गर्दी नसती."

"शूटिंग कशाला?"

"गावाच्या ग्रुपवर टाकाया."

म्हणजे तेल घालताना मी दिसणार. समितीपुढे 'नव्हतं' म्हणणारी बाई थडीमातेला तेल घालतेय. पुढच्या तारखेला दाखवायला एवढं पुरे. तेल आणखी खाली उतरेल, टाइल्स बसतील. आणि नाही घातलं, तर तो दुसरा ड्रायव्हर.

"आई खरंच पडली?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. "फोन लावून देऊ?"

"नको."

हो म्हणायला हवं होतं. किंवा विचारायलाच नको होतं. पिकअप गेली. नानांनी हॉर्न वाजवला, नेहमी वाजवत नाहीत.

दुपारी थडीवर गेले. तेल सुकलंय, धूळ बसलीय. एक डोळा तिरका झालाय. देशमाने म्हणाले होते तो पलीकडचा कोरडा भाग अजून कोरडा आहे. हात लावला नाही.

हद्दीपलीकडे जेसीबीच्या सावलीत नवा ड्रायव्हर डबा खात होता. इकडचाच वाटला. मला पाहून हात धुतले.

"बाई, उद्या तेल हाय का मातेला?"

"कशाला विचारतोस?"

"शेठनं सांगितलंय विचारून ठेव. तेल नसलं तर डिझेल भरून आणायचंय."

चढ चढून घरी आले. बाटली ओट्यावर आहे.